चारशे ग्रॅमचं उत्तर

जानेवारीत चिकोडी तालुक्यातल्या एका साखर कारखान्यातून फोन आला: बॉयलरचा आय.डी. फॅन थरथरतोय. चिमणीकडे धूर ओढणारा हा पंखा. राखेने पाती झिजतात, तोल जातो. बेळगावच्या उद्यमबागेतून बॅलन्सिंगचं (पंख्याचा तोल तपासायचं) मशीन घेऊन पोचलो तेव्हा गाळप बंद, गेटबाहेर उसाच्या ट्रॅक्टरांची रांग.

कंपन दोन्ही बेअरिंगवर मोजायचं. मग पंख्याच्या चाकाच्या पुढच्या प्लेटला १०० ग्रॅम लावून पंखा फिरवायचा, ते काढून मागच्या प्लेटला लावून पुन्हा फिरवायचा. बदलाचे चार आकडे मिळतात, तोच आमचा दोन बाय दोनचा मॅट्रिक्स, म्हणजे आकड्यांचा चौकोनी तक्ता: एका स्तंभात पुढच्या वजनाचे आकडे, दुसऱ्यात मागच्याचे. प्रत्येक आकड्याला कोनही असतो, पण त्या दिवशी सगळे कोन जवळपास एका रेषेत होते.

पुढच्या वजनाने बेअरिंग ३.१ आणि २.९ ने हलली, मागच्याने ३.० आणि ३.० ने. घालवायचं होतं ९.० आणि ८.२ मिलिमीटर प्रति सेकंद. मशीन म्हणालं: पुढे ४०० ग्रॅम, मागे ११३, तेही १८० अंश उलट.

"मशीन सांगतंय ना? मारा वेल्डिंग," चीफ इंजिनिअर म्हणाले. घाई त्यांची खरी होती, पण मशीनवर इतका विश्वास मला नको वाटतो.

मी कागद घेतला. डिटरमिनंट, म्हणजे दोन स्तंभ एकमेकांपासून किती वेगळे आहेत ते सांगणारा आकडा: ३.१ × ३.० वजा ३.० × २.९, म्हणजे फक्त ०.६. दोन्ही स्तंभ जवळपास समांतर! चाक अरुंद, बेअरिंग त्याच्यापासून लांब. वजन पुढे लावलं की मागे, हे बेअरिंगला कळतच नव्हतं. शिवाय दुसरं रीडिंग ८.२ ते ८.६ डोलत होतं. ८.६ घालून पाहिलं: पुढे २००, मागे ९३, आणि दोन्ही एकाच बाजूला. म्हणजे उत्तरच बदललं. पण ४०० वजा ११३ किती? २८७. आणि २०० अधिक ९३? २९३. बेरीज पक्की, वाटणी बेभरवशाची. कॉलेजात डिटरमिनंट काढायला शिकवतात. तो बारीक आला तर उत्तरावर किती विसंबायचं, हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

म्हणून साधारण २९० ची बेरीज दोन्हीकडे निम्मी वाटली. "मामा, १४५ चे दोन तुकडे तोडा." फिटर मामांनी सहा मिलिमीटरच्या प्लेटमधून कापले, काट्यावर १५२ भरले, ग्राइंडरने घासून १४५ वर आणले. दोन्ही प्लेटला एकेक लावला. पंखा सुरू झाला, दोन्ही बेअरिंगवर कंपन १ च्या आत.

दोन वर्षांपूर्वी निपाणीकडच्या अशाच एका पंख्यावर मी मशीनचं उत्तर डोळे झाकून वेल्ड करून घेतलं होतं. रीडिंग उतरलं, कारण चुकीची वाटणीही ती समीकरणं भागवतेच. पण उलटसुलट वजनांनी चाक शाफ्टवर डोलतं, शाफ्टच्या दिशेचं कंपन वाढू शकतं. ते मी मोजलंच नव्हतं. तिथलं बेअरिंग त्यानंतर दोनदा बदललं, असं परवा कळलं. हंगाम संपला की मी ते तुकडे बघायला जाणार आहे.