‘तुमच्या कोडमध्ये लीक आहे’

हवामानाचं मॉडेल मोठ्या सुपरकॉम्प्युटरवर चढवायचं होतं. खातं उघडणं, कोड कम्पाइल करणं, 8-16-32 नोडवर (नोड म्हणजे सुपरकॉम्प्युटरमधला एकेक संगणक) चालवून बघणं, यात काहीच अडलं नाही. मग 128 नोड मागितले. रांगेत ताटकळून नंबर लागला आणि सुरू होतो न होतो तोच जॉब मेला. लॉगमध्ये एवढंच: आउट ऑफ मेमरी, किल्ड.

हेल्पडेस्ककडे तिकीट टाकलं. उत्तर आलं, ‘तुमच्या कोडमध्ये मेमरी लीक आहे.’ आणि तिकीट बंद!

आता लीक (कोडने घेतलेली मेमरी परत न करणं) असतं तर मेमरी वेळेबरोबर वाढत गेली असती. इथे ती वाढत होती प्रोसेसच्या, म्हणजे प्रोग्रामच्या एकाच वेळी चालणाऱ्या प्रतींच्या, संख्येबरोबर. दर प्रोसेसच्या वाट्याचं काम मी सगळ्या चाचण्यांत सारखंच ठेवलं होतं. एमपीआय (प्रोसेसना एकमेकींशी बोलू देणारी लायब्ररी) सुरू झाल्यावर लगेच आणि पहिल्या ऑल-टू-ऑलनंतर, म्हणजे प्रत्येकीने प्रत्येकीला डेटा पाठवल्यावर, अशी दोनदा मेमरी छापली. आधीचा आकडा जवळपास स्थिर, नंतरचा नोड वाढवले की वर.

हिशेब तर कागदावर होण्यासारखा आहे. नोडवर 48 कोअर, दर कोअरला एक प्रोसेस, म्हणजे 128 नोडवर 6144 प्रोसेस. तिथली एमपीआय जुनी. इन्फिनिबँडवर, म्हणजे नोड जोडणाऱ्या वेगवान नेटवर्कवर, प्रत्येक जोडीसाठी वेगळं कनेक्शन उघडणारी. एका प्रोसेसला बाहेरचे 6096 सोबती, तेव्हा एका नोडवर 2,92,608 कनेक्शन. एकामागे रांगा आणि बफर मिळून 64 केबी धरले, तरी सुमारे 18 जीबी झाले. 192 जीबीच्या नोडवर मॉडेलनेच 180 च्या आसपास मजल मारलेली, मग उरतं काय? सोसायटीतल्या प्रत्येक घराने बाकीच्या प्रत्येक घरासाठी वेगळी खुर्ची राखून ठेवावी, तसला प्रकार. बरं, हे बफर पिन केलेले, म्हणजे मेमरीत जागेवर खिळवलेले असतात, स्वॅपमध्येही (डिस्कवरच्या जादा जागेत) जात नाहीत.

हा तक्ता जोडून पुन्हा तिकीट टाकलं. या वेळी सांगण्यात आलं, की नवी एमपीआय हवी असेल तर सॉफ्टवेअर विनंतीचा फॉर्म भरा, गाइडची सही आणि विभागाचा शिक्का घ्या. भरला. मग ‘समितीपुढे ठेवला आहे’. मग ‘समितीची बैठक व्हायची आहे’. मला हवं होतं ते एवढंच: मेलानॉक्सच्या नेटवर्क कार्डांवर चालणारं डायनॅमिकली कनेक्टेड ट्रान्सपोर्ट. त्यात कनेक्शन गरजेपुरतं जुळतं आणि काम झालं की सुटतं. कार्ड तिथे तेच होतं! तुमच्याकडे ते नसेल तर यूडी (अनरिलायबल डेटाग्राम, पोचल्याची हमी नसलेली पद्धत) चालेल. त्यात एकच क्यू-पेअर (पाठवायच्या-घ्यायच्या रांगांची जोडी) सगळ्यांना पुरतं, पण हरवलेली पाकिटं सांभाळायचं काम लायब्ररीवर येतं.

समितीच्या भरवशावर कोण बसणार? एमपीआय आणि ओपनएमपी (एकाच प्रोसेसचं काम थ्रेडमध्ये वाटणारी पद्धत) मिसळून नोडवर 4 प्रोसेस, प्रत्येकी एकच मेमरी वापरणारे 12 थ्रेड ठेवले, तर तीच कनेक्शनं 2032 वर येतात, 144 पट कमी. जमत असेल तर आधी हेच करा. आमचा जुना फोर्ट्रान कोड त्याला दाद देईना, म्हणून मी दुसरीकडे हात घातला. प्रारणाचे (सूर्यप्रकाश आणि उष्णतेच्या किरणांचे) 300 एमबीचे तक्ते प्रत्येक प्रोसेस स्वतःपुरते वाचत होती. नोडवर 48 प्रती, 14 जीबी पाण्यात. 2012 च्या एमपीआय-3 पासून शेअर्ड मेमरी विंडो, म्हणजे नोडवरच्या प्रोसेसना मिळून वापरता येणारी मेमरी, आहे. आधी ‘कॉम_स्प्लिट_टाइप’ने नोडपुरता गट पाडायचा, मग ‘विन_अलोकेट_शेअर्ड’. एक प्रोसेस तक्ता वाचते, बाकीच्या तोच वापरतात. भरून होईपर्यंत बाकीच्यांना थांबवायला विसरू नका.

128 नोडचा जॉब शेवटपर्यंत गेला. त्या रात्री मी झोपलो नाही, आनंदाने.

यावर हेल्पडेस्कने काय कळवलं असेल? ‘तुमची मेमरी अजूनही तेवढीच दिसते.’ प्रत्येक प्रोसेसचा आरएसएस (तिच्या नावावर रॅममध्ये असलेली सगळी मेमरी) काढून त्यांनी सरळ बेरीज केली होती. त्यात सामायिक पानं 48 वेळा मोजली जातात. बघायचा तो पीएसएस, ज्यात सामायिक पान वापरणाऱ्यांत वाटून मोजतात. प्रोसेसच्या ‘स्मॅप्स’ फाइलमध्ये मिळतो. नोडचा खरा आकडा हवा असेल तर त्याचीच बेरीज करा, आणि तिकिटात पहिल्याच ओळीत तसं लिहून टाका.

एक राहिलंच: जॉबला ईमेल सूचना लावून ठेवा, नाहीतर मेल्याचं सकाळी कळतं. फॉर्म अजून समितीकडेच आहे.