पाचव्या हाताला लाईट गेली

आमच्या धंद्यात रंगाच्या थराला ‘हात’ म्हणतात. दोन हात प्रायमर, तीन हात रंग, वर दोन हात क्लिअर, म्हणजे बिनरंगी चकाकता थर. कोल्हापुरात उद्यमनगरला मी १७ वर्षं गाड्या रंगवतोय, पण हात मोजायची वेळ कधी आली नव्हती. साधा रंग झाकणारा असतो. खालचं दिसेनासं झालं की थांबायचं. एखादा हात जास्त बसला तर रंग थोडा जास्त जातो, बाकी काही बिघडत नाही.

फेब्रुवारीत गडहिंग्लजकडचा एक तरुण वडिलांची जुनी बुलेट घेऊन आला. मागचा मडगार्ड आखूड कापलेला, एकच सीट, हँडल बदललेलं. रंग त्याला कँडी लाल हवा होता. “मिस्त्री, सावलीत काळपट दिसला पाहिजे आणि उन्हात आतनं पेटल्यासारखा,” असं म्हणाला. मी तोवर कँडी कधी मारला नव्हता. तसं त्याला स्पष्ट सांगितलं आणि पंधरा दिवस मागून घेतले. रंग बदलल्याची नोंद आरसीवर करून घ्यायची, हेही बजावलं. लोक ते विसरतात आणि मग आरटीओत हेलपाटे घालतात.

कँडी म्हणजे पारदर्शक रंग. खाली चंदेरी किंवा सोनेरी मेटॅलिक, मध्ये रंगीत काचेसारखा हा थर, वर क्लिअर. उजेड लाल थरातून आत जातो, चंदेरीवर आपटतो आणि पुन्हा त्याच थरातून बाहेर येतो. त्या दुहेरी प्रवासामुळं ती खोली दिसते. १९५० च्या दशकात कॅलिफोर्नियात जो बेलॉन नावाच्या कारागिरानं हा लाल रंग गाजवला. ओल्या रस्त्यावर पडलेली गाडीच्या मागच्या दिव्याची लाली बघून त्याला तो सुचला, असं सांगतात. आमच्याकडं गुऱ्हाळावर वाढलेल्या माणसाला मात्र काकवी पुरते. ताटात पातळ पसरली की सोनेरी, वाटीत भरली की तांबूस काळी. काकवी तीच, फक्त जाडी वेगळी. कँडीतही डब्यातला रंग एकच असतो. लाल किती गडद होणार, हे किती हात मारले त्यावर ठरतं.

म्हणून आधी पत्र्याची एक पट्टी केली. सगळी चंदेरी करून तिच्यावर टेपनं सात घरं पाडली. प्रत्येक हाताला एक घर झाकत गेलो, म्हणजे पहिल्या घरावर एकच हात बसला आणि सातव्यावर सातही. एका हाताला कोकम सरबताचा गुलाबी, तिसऱ्याला लाल, पाचव्याला पिकल्या डाळिंबाच्या दाण्याचा रंग, सातव्याला जवळजवळ काळा. मग पट्टीच्या उभ्या अर्ध्या भागावर क्लिअर मारलं, कारण क्लिअर बसल्याशिवाय खरा रंग उघडत नाही. गिऱ्हाइकानं पाचव्या घरावर बोट ठेवलं.

लांबी म्हणजे खड्डे भरायची पुट्टी, तिच्यावर सरफेसर, घासकाम यात आठवडा गेला. ते रोजचंच काम आहे. चंदेरीवर मात्र जीव लावला. चंदेरीत कुठं ढग राहिला तर कँडी तो झाकत नाही, उलट दाखवते. टाकी, दोन्ही मडगार्ड आणि दोन्ही टूलबॉक्स गाडीवर जसे बसतात तसेच टांगले. सगळ्यांना एकाच भांड्यातला रंग, एकाच बैठकीत. जमिनीवर पाणी मारलं, कॉम्प्रेसरच्या ट्रॅपमधलं पाणी काढलं. १.३ मिमीचं नोझल, फवाऱ्याची गन भागापासून एक वीत लांब, प्रत्येक फेरी आधीच्या फेरीवर निम्मी चढवायची. गन भागाच्या बाहेर गेल्यावरच वळवायची, नाहीतर कडेला दुप्पट रंग बसतो आणि काळी किनार धरते. भिंतीवर खडूनं पाचही भागांची नावं लिहिली. प्रत्येक हाताला माझ्या हाताखालच्या पोरानं त्या-त्या नावापुढं एक रेघ मारायची.

चार हात असे बसले की मी मध्ये बोललोही नाही. दोन हातांमध्ये पंधरा मिनिटं सुकायला द्यायची, तेवढाच काय तो श्वास. पाचव्या हाताला मडगार्ड झाले, टूलबॉक्स झाले, टाकीची उजवी बाजू झाली. डाव्या बाजूला, गुडघा टेकतो त्या खोलगटाच्या वर गन आली आणि लाईट गेली.

अंधार झाला आणि कॉम्प्रेसरची मोटर बंद पडली. कॉम्प्रेसरच्या टाकीत हवा होती, पण काटा उतरत असणार. तीन-चार फेऱ्या राहिल्या होत्या. तिथंच थांबलो असतो तर आधीची कड सुकून पट्टा पडला असता. पोरानं मोबाईलचा टॉर्च धरला आणि मी फेऱ्या पुऱ्या केल्या. गनचा आवाज बदलतोय हे कानाला कळत होतं. हवा कमी पडली की फवारा बारीक राहत नाही, थेंब जाडे होतात. हात आपोआप सावकाश झाला, आणि तिथंच चुकलं.

चाळीस मिनिटांनी लाईट आली. डाव्या खोलगटावर चार बोटं रुंदीचा काळपट पट्टा होता, कडेला बारीक ठिपके. बाकी सगळी टाकी पाचव्या घरासारखी आणि तेवढा पट्टा सहाव्या-सातव्या घरातला.

पहिला विचार आला की सगळ्या टाकीवर अजून एक हात मारावा, एकसारखं होईल. साध्या रंगात आम्ही आयुष्यभर तेच करत आलो. गनमध्ये रंग होताच. तेवढ्यात आमचे वस्ताद आले. वय झालंय, गन सोडून वर्षं झाली, पण संध्याकाळी एक चक्कर असतेच. त्यांनी आयुष्यात कँडी मारला नव्हता. टाकी बघितली, मग पट्टी हातात घेऊन टॉर्चखाली फिरवली.

“अजून हात मारलास तर काय होईल?”

“पाचाचा सहा होईल.”

“आणि ह्या पट्ट्याचा?”

मी गन खाली ठेवली. पट्टाही एक घर पुढं गेला असता. वर टाकी मडगार्डांपेक्षा गडद झाली असती. ज्यानं कँडीला कधी हात लावला नाही, त्या माणसानं पट्टी बघून दोन मिनिटांत जे ओळखलं ते मला दिसलं नव्हतं, कारण मी ती टाकी वाचवायला बघत होतो.

रात्रीच गिऱ्हाइकाला फोन केला. काय झालं ते जसंच्या तसं सांगितलं, टाकी परत चंदेरीपासून करणार आहे म्हणालो. तो जरा वेळ गप्प राहिला, मग म्हणाला, “मिस्त्री, लागंल तेवढा वेळ घ्या. माझ्या गाडीला घाई नाही.” आधीच्या तारखेवर अडून बसणारी माणसं खूप बघितली आहेत. त्याचं ते वाक्य मी विसरणार नाही.

बाकीच्या चार भागांवर त्याच रात्री क्लिअरचा एक हात मारून ठेवला, म्हणजे कँडी उघडी राहायला नको. टाकी दुसऱ्या दिवशी ८०० च्या पेपरनं पाण्यात घासली. मोरीतून लाल पाणी वाहत होतं आणि पोरगा न बोलता बघत होता. त्या कँडीत हार्डनर, म्हणजे रंग कडक करणारं रसायन, नव्हता म्हणून झाकून ठेवलेलं मिश्रण टिकलं होतं. मोजलं तर चारशे मिली निघालं, टाकीपुरतं. नवीन मिश्रण करावं लागलं असतं तर तोच लाल पुन्हा मिळेल याची खात्री मला देता आली नसती.

तिसऱ्या दिवशी पहाटे सहाला सुरू केलं. शेजारच्या वर्कशॉपच्या इन्व्हर्टरवरून दोन ट्यूब ओढून घेतल्या, कॉम्प्रेसर गच्च भरून ठेवला आणि टाकीची डावी बाजू आधी घेतली. पाच हात झाल्यावर पट्टीची बिनक्लिअरची बाजू टाकीशेजारी धरली. पाचवं घर कुठं संपतं आणि टाकी कुठं सुरू होते, कळेना.

सगळ्या भागांवर टूके, म्हणजे हार्डनर मिसळून वापरायच्या क्लिअरचे तीन हात मारताना पोराला आणि मला, दोघांनाही कार्ट्रिजचे मास्क होते. या क्लिअरच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं, ते फुप्फुसं धरतं. वस्तादांनी जन्मभर तोंडाला रुमाल बांधून काम केलं, आज जिना चढताना दोनदा थांबतात. आमच्या शेडमध्ये आता मास्कशिवाय गन उचलायची नाही, मग गिऱ्हाईक कितीही घाईत असू दे.

आठवड्यानं बफिंग करून गाडी जोडली आणि दुपारी बारा वाजता बाहेर काढली. शेडच्या दारात ती काळपट होती. पुढचं चाक उन्हात गेलं, मग टाकी गेली, आणि लाल आतून वर आला. गिऱ्हाईक वडिलांना घेऊन आला होता. त्यांनी चष्मा काढून, पुसून पुन्हा लावला आणि टाकीवर हात न ठेवता जवळून बघत राहिले. मी त्याला सांगितलं, रोज दिवसभर उन्हात लावू नकोस, कँडी साध्या रंगापेक्षा लवकर उतरते. पेट्रोल सांडलं तर लगेच पुसायचं.

भिंतीवरचा खडू अजून पुसलेला नाही. चार नावांपुढं पाच-पाच रेघा आहेत. टाकीपुढं दहा आहेत, त्यातल्या पहिल्या पाच पोरानं आडवी रेघ मारून खोडल्यात.