बाप प्रुन, लेक प्रुनं

आज दुपारी ओबोरच्या बाजारात गेले होते. बुखारेस्टमधला हा मोठा जुना भाजीबाजार, सप्टेंबर लागला की तिथे प्लम्सचे नुसते ढीग असतात, निळे-जांभळे, वर पांढरी धूळ बसल्यासारखी साय. पुठ्ठ्याच्या तुकड्यावर मार्करने रोमानियनमध्ये लिहिलेलं, प्रुने, म्हणजे प्लम्स. टेबलामागच्या बाईंनी एक उचलून फ्रॉकला पुसलं, माझ्या हातात दिलं आणि म्हणाल्या, ‘ओ प्रुनं’, म्हणजे घे एक, खाऊन बघ. खाल्लं, गोड होतं, दोन किलो घेतले, पण डोक्यात तो शेवटचा ‘नं’ अडकून बसला तो घरी येईपर्यंत.

कारण तो आपला ‘केळं’मधला ‘ळं’ आहे हो. अगदी तोच उच्चार, तोंड अर्धवट उघडं ठेवून सोडून दिलेला अ. इंग्लिशवाल्या लोकांना हा शिकवताना रोमानियनच्या क्लासमधल्या बाई घाम गाळायच्या आणि मी मागच्या बाकावर बसून फटाफट म्हणायचे, प्रुनं, नुकं, विशिनं, काइसं. (अनुक्रमे प्लम, अक्रोड, आंबट चेरी, जर्दाळू.) आयुष्यभर केळं, लिंबं, गाजरं खाल्लेल्या माणसाला यात काय कठीण.

माझ्याकडे तेव्हाची एक वही आहे, डावीकडे इंग्लिश, उजवीकडे रोमानियन, आणि झाडापाल्याची वेगळी पानं, कारण बाजारात जायचं तर तेच शब्द आधी लागतात. मराठीतून रोमानियन शिकवणार कोण, म्हणून मध्ये इंग्लिशचा दलाल. आणि हा दलाल मधल्यामध्ये बरंच खातो असं माझं प्रामाणिक मत आहे. आता बघा, इंग्लिशमध्ये प्लम आणि प्लमचं झाड, विषय संपला. रोमानियनमध्ये झाड तो प्रुन आणि फळ ती प्रुनं. तो नुक, ती नुकं. तो विशिन, ती विशिनं. तो चिरेश, ती चिर्‍याशं, ही गोड चेरी. झाड बाप आणि फळ लेक! सगळी बाग म्हणजे लेकी अंगाखांद्यावर घेऊन उभे असलेले बाप.

आणि आपल्याकडे? ती केळ, ते केळं. ती बोर, ते बोर. ती जांभूळ, ते जांभूळ. म्हणजे आई आणि मूल, मुलगा की मुलगी ते अजून ठरायचंय. हल्ली शहरात सगळे ‘जांभळाचं झाड’ म्हणून मोकळे होतात, त्यामुळे ही ‘ती जांभूळ’ फारशी ऐकू येत नाही. आंबा दोन्हीकडे तो, चिंच दोन्हीकडे ती, त्यांचं सोडा, त्यांना कोण विचारणार.

माझं आजोळ रावेरकडचं, म्हणजे केळीच केळी. आजोबा सकाळी शेतातून आले की आजी पहिलं विचारायची, ‘निसवली का?’ आणि हा प्रश्न ती ज्या आवाजात विचारायची त्याच आवाजात शेजारच्या वहिनींचंही विचारायची, त्यामुळे मला बरीच वर्षं वाटायचं की दोन्ही एकच बातमी आहे. केळ निसवली की ते जांभळं कमळ खाली लोंबायचं, एकेक पाकळी उलटी वळून गळायची आणि खाली बोटभर फण्या ओळीने, टोकाला वाळकी फुलं चिकटलेली. आम्ही पोरं ती फुलं खुडायचो आणि चीक फ्रॉकला लागायचा. तेव्हा दिसत नाही, नंतर काळा पडतो आणि तो फ्रॉक फाटेपर्यंत जात नाही. आईने त्यावरून दिलेले धपाटे मला अजून आठवतात. घड उतरवला की आईला कापून टाकायचे, आणि बुडाशी तिची पिल्लं आधीच उभी. पिल्लं हाच शब्द, शेतकऱ्याला विचारा.

बरं, सफरचंदाने इकडे वेगळाच घोळ घातलाय. झाडही मर आणि फळही मर. दोन झाडं झाली तर मेरि, शेवटचा इ जवळजवळ गिळून, आणि दोन फळं झाली तर मेरे. म्हणजे ते फळ एकटं असताना पुरुष आणि घोळक्यात गेलं की बाई. यालाच रोमानियन लोक नपुंसकलिंग म्हणतात. क्लासमधला एक आयरिश मुलगा यावरून खरोखर चिडला होता. मला तर बरं वाटलं, कुठेतरी तिसरं लिंग जिवंत आहे.

दलालाने खाल्लेल्या आणखी काही गोष्टी त्याच वहीत आहेत. लाइमपुढे मी लिहून ठेवलंय ‘तेय’, आणि तेय म्हणजे लिंबू नव्हे, लिंडनचं मोठं झाड, ज्याला ब्रिटिश लोक कशाला कोण जाणे लाइम म्हणतात. जूनमध्ये ते फुललं की अख्खं बुखारेस्ट गोडसर घमघमतं आणि त्याच फुलांचा चहा लोक झोप यावी म्हणून पितात. तसंच कॉर्न. इंग्लिशमध्ये मका, पण इथला कोर्न म्हणजे शिंग, शिवाय आंबट लाल फळांचं एक झाड, शिवाय बेकरीतला शिंगासारखा वळलेला पाव. २००२मध्ये सरकारी शाळांत ‘कोर्न आणि दूध’ द्यायची योजना सुरू झाली, त्यातला कोर्न हा पाव. मक्याचं कणीस चावत दूध पिणारी पोरं डोळ्यासमोर आणून बघा.

आणि बेझिल! बेझिल म्हटलं की पास्ता, पिझ्झा, संपलं. इथे त्याला बुसुयोक म्हणतात आणि तो देवघरातला माणूस आहे. सहा जानेवारीला, बोबोत्याझंच्या सणाच्या सुमारास, पाद्री घरोघर येतो आणि बुसुयोकच्या जुडीने पवित्र पाणी शिंपडतो. लग्नाच्या मुली त्याची काडी उशाखाली ठेवून झोपतात, म्हणजे होणारा नवरा स्वप्नात दिसतो. आमच्या खालच्या मजल्यावरच्या तांतींनी (इथे मोठ्या बाईला तांती म्हणायचं, आपण काकू म्हणतो तसं) मला हे सांगितलं तेव्हा मी त्यांना तुळशीचं लग्न सांगितलं. त्या बराच वेळ गप्प होत्या आणि मग म्हणाल्या, म्हणजे आमच्याकडे ती लग्न जमवते आणि तुमच्याकडे तिचंच लावता? मी हो म्हणाले. त्यांना ते पटलं. तांतींना माझ्या बऱ्याच गोष्टी पटतात. लाकडी सुरीने भाजलेली वांगी कोचताना त्यांना पाहिलं आणि मी खानदेशी भरताचा विषय काढला, पऱ्हाट्यांवर (कपाशीच्या वाळक्या काड्यांवर) भाजलेलं वांगं, हिरवी मिरची, लसूण. त्यांनी मिरचीपर्यंत मान डोलावली. सुरी लाकडीच का, तर लोखंडाने वांगं काळं पडतं. याला त्या विनेतेची सलाड म्हणतात, म्हणोत.

आज प्लम्सची पिशवी घेऊन जिना चढताना त्याच भेटल्या. पिशवीत बघितलं आणि एकदम कपाळाला आठ्या, विकत घेतलेस? गावाकडे त्यांची स्वतःची प्रुनची झाडं आहेत, बरीच आहेत, नवऱ्याने लावलेली. पूर्वी या दिवसांत सगळं घर तिकडे असायचं. मोठ्या कढईत बिनसाखरेचा माजून, म्हणजे प्लमचा जॅम, तासन्‌तास घोटायचा, उरलेल्याची त्सुइकं, म्हणजे प्लमची दारू, गाळायची. आता नवरा नाही आणि गुडघे नाहीत. मुलगा स्पेनमध्ये आहे, दरवर्षी हंगामाला जातो, फळं तोडायला. गावात उरलेत ते सगळे त्यांच्याच वयाचे, तेव्हा पाडणार कोण, सगळी प्रुने खाली पडून आंबतात आणि गांधीलमाश्या येतात.

मी म्हटलं, मुलाला सांगा ना, एखाद्या वर्षी इकडचा हंगाम बघ म्हणावं.

म्हणाल्या, तिकडे रोजाचे युरो मिळतात.

यावर मी काय बोलणार. रावेरचं शेत आजोबा गेल्यावर मामाने बटाईने दिलं, मागच्या वर्षी विकायलाही काढलं, फोन करून विचारलं मला, तुझं काही म्हणणं आहे का. मी ऑफिसात होते, म्हटलं नाही, तुम्ही बघा.