आत्याचं तांदळातलं नाव

बाबांना किडनी द्यायला त्यांची सख्खी बहीण तयार होती. दोघांचा रक्तगट ओ, क्रॉसमॅच निगेटिव्ह, म्हणजे बाबांचं रक्त तिच्या पेशींवर उलटत नव्हतं, आत्याचं शुगर-बीपी माझ्यापेक्षा चांगलं. तरी आमची फाइल सात आठवडे अडकली, कारण 1984 साली आत्याच्या यजमानांनी ताटातल्या तांदळात सोन्याच्या अंगठीने ‘सुनीता’ लिहिलं.

त्याआधी ती मंदाकिनी. बाबांची मंदा. पण आधार, पॅन, रेशनकार्ड, बँक, सगळीकडे सुनीता, त्यापुढे काकांचं नाव आणि सासरचं आडनाव. माहेरचं एक अक्षर कुठे शिल्लक नाही. मी लग्नात नाव बदललं नाही म्हणून हीच आत्या माझ्यावर दोन महिने रुसली होती, हे जाता जाता.

आईला मधुमेह, माझा रक्तगट बी, म्हणून आम्ही दोघी आधीच बाद. तपासण्या, टिश्यू टायपिंग म्हणजे पेशींची जुळणी, ऐरोलीहून आत्याच्या खेपा, हे सगळं पटापट झालं. मग फाइल परवानगीच्या टेबलावर गेली. समोरच्या बाई कागद उलटत म्हणाल्या, ‘या तुमच्या वडिलांच्या बहीण आहेत हे कागदावर कुठे दिसतंय?’

1994 च्या अवयव प्रत्यारोपण कायद्यात भाऊ-बहीण जवळच्या नात्यात येतात. नातं सिद्ध झालं तर परवानगीचा मार्ग सोपा असतो. नाही झालं तर आत्या कायद्याच्या लेखी परकी, आणि प्रकरण प्राधिकार समितीपुढे जाऊन पैशांचा व्यवहार झालाय का इथपासून चौकशी. हे नियम का आहेत ते मला कळतं, किडनीचे धंदे झालेच आहेत. पण एका वेळी एकच कागद सांगायचा, तो आणला की पुढचा सांगायचा, ही कुठली पद्धत? पहिल्याच दिवशी यादी दिली असती तर आमचे चार आठवडे वाचले असते. तुम्ही जाल तेव्हा यादी लेखी मागा आणि त्यावर तारीख घालून घ्या. मला हे पाचव्या खेपेला सुचलं.

आधी बाबांचा शाळेचा दाखला मागितला. मग आत्याचा. तिची शाळा संगमेश्वर तालुक्यातल्या आमच्या गावची, जिल्हा परिषदेची. गुरुजींनी कपाटाच्या तळातून जनरल रजिस्टर काढलं, त्यात ‘मंदाकिनी गणपत’ सापडली. मी नाचायचीच बाकी होते. आत्या म्हणाली, आलोच आहोत तर देवळात जाऊ. गुरवाने ग्रामदेवतेला कौल लावला, उजवं फूल पडलं. तिने किडनी द्यायचं आधीच ठरवलं होतं, मग कौल कशाला? ‘ठरवलं मी. विचारायला नको?’

ठाण्यात परत येऊन दाखला टेबलावर ठेवला. ‘बरोबर आहे. पण मंदाकिनी म्हणजेच सुनीता कशावरून?’

लग्नाची नोंदणी नाही, लग्नपत्रिका पुरात गेलेली. प्रतिज्ञापत्र केलं. नोटरीने दोन्ही नावांनी सह्या मागितल्या. सुनीता झटकन झालं. दुसऱ्या सहीला आत्या ‘मंदाकि’पर्यंत आली आणि पेन उचलून माझ्याकडे बघत म्हणाली, ‘नी दुसरीच ना गं?’ चाळीस वर्षांत तिने ते नाव लिहिलं नव्हतं.

प्रतिज्ञापत्र पुरेसं नाही, नाव बदलल्याचं राजपत्र आणा. अर्ज ऑनलाइन करता येतो, पण छापून यायला आमचे तीन आठवडे गेले. घरात कुणाचं नाव लग्नात बदललं असेल तर आजारपणाची वाट न बघता आजच राजपत्राचं काम करून टाका.

या काळात आठवड्यातून तीनदा डायलिसिस चालूच. सोमवार डायलिसिसचाही आणि आईच्या उपासाचाही. ती सकाळी जांभळी नाक्यावरून कौपिनेश्वराला जाऊन यायची. प्रसादाचं खोबरं बाबांना चालत नाही, पोटॅशियम. म्हणून तो तुकडा त्यांच्या कपाळाला टेकवून ती स्वतः खायची. तीर्थाची पळी पुढे केली की बाबा, जे आयुष्यात देवळाची पायरी चढले नाहीत, म्हणायचे, ‘हे माझ्या लिटरमध्ये धर गं.’ दिवसाला एक लिटरच पाणी, त्यातलीच ही पळी.

सांगायचं राहिलं: जिवंत दाता असला तरी मृत दात्याच्या अवयवासाठीच्या प्रतीक्षायादीत, म्हणजे झेडटीसीसी या विभागीय प्रत्यारोपण समन्वय केंद्राकडे, नाव लावता येतं का ते विचारा. नोंदणी रुग्णालयामार्फतच होते. आम्ही लावलं. आईने पाच सोमवार बोलले, नारळाचं तोरण बोलली, पण त्या यादीसाठी कधी काही मागितलं नाही. ‘तो फोन येणार म्हणजे कुणाच्या तरी घरी काय झालेलं असणार,’ एवढंच म्हणाली.

राजपत्रासोबत मी एक फोटो जोडला, कुणी मागितला नसताना. आत्याच्या लग्नातली कानपिळी. बावीस वर्षांचे बाबा काकांचा कान धरून उभे, शेजारी मुंडावळ्यांत हसणारी आत्या. त्या टेबलावरच्या बाई पहिल्यांदा हसल्या. ‘हा आधी का नाही आणलात?’ मी काही बोलले नाही. जुने फोटो द्याच.

मुलाखतीचं व्हिडिओ चित्रीकरण होतं, आणि दाता बाई असेल तर तिची संमती स्वतःची आहे ना हे जास्त बारकाईने बघतात. आत्याला मी दहादा बजावलं होतं की कौलाचं बोलायचं नाही. कुणाचा दबाव आहे का विचारल्यावर ती म्हणाली, ‘देवाला विचारलं, नवऱ्याला नुसतं सांगितलं.’ आमच्याकडे काकांची संमतीही लेखी मागितली, ते बाहेर बसले होते म्हणून बरं. त्यांनाही सोबत न्या, आणि डायलिसिसचा दिवस टाळा.

परवानगी आली. ऑपरेशनची तारीख मिळाली ती नेमकी अमावास्येची. आईने कॅलेंडर बघितलं आणि परत खिळ्याला लावलं. बाबाच मला हळूच म्हणाले, ‘दुसरी तारीख नाही का मिळत?’

मी फोन लावला. पुढची तारीख तीन आठवड्यांनी.

‘अमावास्या तर अमावास्या,’ आई स्वयंपाकघरातून म्हणाली, ‘आता थांबायचं नाही.’