कोकण-गोवा, गव्हाशिवाय

रत्नागिरी, मालवण आणि तिथून पणजी असा आमचा मार्ग होता. मुलीला सिलिअ‍ॅक हा आतड्याचा आजार आहे. गहू, जव आणि राय या धान्यांतलं ग्लूटेन हे प्रथिन तिला वर्ज्य, अगदी पोळीचा चुराही चालत नाही. खाल्ल्यावर लगेच त्रास दिसला नाही तरी आत आतड्याला इजा होतच असते, त्यामुळे ‘थोडंसं खाऊन बघ’ हा प्रकार आमच्याकडे नाही. निघायच्या आधी जो तो म्हणत होता, कोकणात कसली काळजी, तिकडे सगळं तांदळाचंच! हे निम्मं खरं आहे. उरलेल्या निम्म्यासाठी हे लिहितेय.

पहिला अडसर हिंगाचा. शुद्ध हिंग फार उग्र, म्हणून बाजारातल्या डबीत तो डिंक आणि पीठ घालून सौम्य केलेला असतो. ते पीठ बहुधा गव्हाचं. डबी उलटी करून घटक वाचा, लगेच कळेल. यामुळे आमच्या ताटात सगळं उलटंच झालं. शाकाहारी थाळीतलं वरण, उसळ, फोडणीचं ताक, उडदाचा पापड हे सारं संशयित. आणि बांगड्याचं तिखलं किंवा नारळाच्या रसातली माशाची आमटी त्या मानाने सुरक्षित, कारण तिथे तिरफळ, कोकम आणि मिरची असते, हिंगाचं काम नसतं. तरी मसाला घरचा की विकतचा, आणि त्यात हिंग आहे का, हे विचाराच. शाकाहारी असाल तर हिंगाशिवाय, नुसत्या जिऱ्याची किंवा लसणीची फोडणी मागा. कुणी नाही म्हणत नाही.

दुसरा अडसर रव्याचा. तळलेली सुरमई रव्यात घोळवलेली असते, आणि रवा म्हणजे गहूच हे सांगितल्यावर वेटरच काय, कधी कधी मालकही थबकतो. ‘रव्याऐवजी तांदळाचं पीठ लावा’ एवढ्यावर थांबू नका. तेल तेच असेल तर आधीच्या तुकड्यांचा रवा त्यातच तरंगत असतो. वेगळं पॅन आणि नवं तेल मिळणार नसेल तर तळलेलं सोडून द्या, आमटी-भात खा. बटाटेवडा, भजी, फराळी चिवडा यांनाही हाच नियम. वडा बेसनाचा असला तरी त्याच कढईत समोसेही तळले जातात.

पदार्थाच्या नावावर विश्वास ठेवून चालत नाही. कोंबडी-वड्यांचं पीठ घरोघरी वेगळं. कुणी गहू घालतं, कुणी नाही. थालीपिठाच्या भाजणीत आणि मेतकुटात गहू असतोच असं धरून चाला. उकडीचे मोदकसुद्धा विचारून घ्या, पारी फाटू नये म्हणून काही जणी चमचाभर मैदा मिसळतात. घावणे, आंबोळ्या, शिरवाळे, पातोळे ही आपली हक्काची माणसं, पण घावण्यांचा तवा चपात्यांचा नसावा. आम्ही आमचा छोटा बिडाचा तवा सोबत नेला होता. वजन झालं, पण सगळ्या सामानात सर्वात जास्त उपयोग त्याचाच.

राहायला हॉटेलपेक्षा घरगुती मुक्काम बरा, कारण स्वयंपाक करणाऱ्या बाईंशी थेट बोलता येतं. आदल्या दिवशी दुपारी, जेवणाची गर्दी ओसरल्यावर फोन करा. मालवणात काकू आधी हसल्याच, “आमच्याकडे तांदूळच, गहू खंयसून येतलो?” मग हिंग, रवा, चपातीचा पोळपाट असं एकेक विचारत गेले तसं त्यांनीच सांगितलं की पीठ गावच्या गिरणीतून येतं आणि गिरणीत आधी कुणाचे तरी गहू दळलेले असतात. गिरणीचं माझ्याही यादीत नव्हतं! त्यांनी आमच्यासाठी तांदूळ भिजवून मिक्सरला वाटले आणि त्याचे घावणे घातले. तुम्हीही वाटलेल्या तांदळाचेच मागा. नाचणी, ज्वारी, कुळथाची पिठी यांनाही गिरणीचाच धोका, म्हणून ती पिठं आम्ही घरी वेगळी दळून डब्यात नेली होती.

हॉटेलात तोंडी सांगण्यापेक्षा चिठ्ठी द्या, ती आत भटारखान्यापर्यंत पोचते. आमची अशी होती: ‘गहू, मैदा, रवा, कणीक, शेवया, पाव, डबीतला हिंग, सोया सॉस चालत नाही. पथ्य नाही, आजार आहे. भांडं, झारा, तेल वेगळं हवं. भात, मासे, अंडी, नारळ, डाळी चालतात.’ गोव्यासाठी हिंदीतही एक करून घ्या.

वाणसामानासाठी लहान गावात उपासाचं कपाट गाठा. साबुदाणा, वरी, राजगिरा, शिंगाडा, सगळं तिथे मिळतं. फक्त सुटं न घेता बंद पाकीट घ्या. पाकिटावर ‘ग्लूटेन फ्री’ छापलेलं असेल तर एफएसएसएआय या सरकारी अन्नसुरक्षा संस्थेच्या नियमानुसार किलोमागे 20 मिलिग्रॅमच्या वर ग्लूटेन नको. तसं छापलं नसेल तर घटकांखालची अ‍ॅलर्जीची ओळ बघा, गहू असेल तर तिथे लिहावा लागतो. साधे ओट्स टाळा. सातूचं पीठही नको. पणजी, पर्वरी, म्हापशाच्या मोठ्या सुपरमार्केटांत ग्लूटेन फ्री पास्ता, बिस्किटं दिसतात, पण भाव बघून आम्ही पोहे आणि केळ्यांवरच समाधान मानलं.

गोव्यात सान्नां तांदळाच्या, त्या मनसोक्त खाल्ल्या. पोई हा तिथला पाव गव्हाचा, बेबिंका हा गोड पदार्थ मैद्याचा, म्हणून दोन्ही नाही. दोदोल मात्र तांदळाचं पीठ, नारळ आणि काळ्या गुळाचं, त्यावर मुलीने सगळी कसर काढली. मोठ्यांसाठी एक टीप: बिअर जवाची, काजूची फेणी चालते. किनाऱ्यावरच्या शॅकमध्ये एकाच स्वयंपाकघरात मंच्युरियनही होतं आणि पिझ्झाही. तिथे आम्ही शहाळं प्यायलो आणि जेवायला गावात परतलो.

परतीला मांडवी एक्सप्रेस. या गाडीच्या खाण्याचं कौतुक खूप आहे, पण कटलेटला ब्रेडचा चुरा, ऑम्लेटसोबत पाव, त्यामुळे आमच्या वाट्याला चहाच. निघताना घावणे बांधून घेतले होते, सोबत सुकी लसणीची चटणी. ओल्या नारळाची चटणी नको, दुपारपर्यंत आंबते. घावणेही केळीच्या पानात गुंडाळून दुपारच्या आत संपवावेत, नंतर ते वातड होतात.