ठेका धरायला तबला नाही, ड्रम नाही

शनिवारी संध्याकाळी वसईहून चर्चगेट लोकल पकडली, उलट्या दिशेची गाडी म्हणून चक्क खिडकी मिळाली, मग चर्चगेटहून शेअर टॅक्सीने नरिमन पॉइंट, एनसीपीएचं सभागृह. जिप्सी जॅझ, म्हणजे युरोपातल्या जिप्सी वादकांनी घडवलेला जॅझ, पहिल्यांदाच समोर बसून ऐकणार होतो.

स्टेजवर तीन गिटार, एक व्हायोलिन आणि एक माणसाएवढा डबल बेस. बस. मी गेली बारा वर्षं भजनाला तबल्याची साथ करतोय, त्यामुळे माझी नजर आधी ठेका कोण धरतंय हेच शोधते, आणि इथे ड्रमच नाही! तरी पहिलीच चीज अशी द्रुत लयीत सुटली की पाय थांबेना.

ठेका होता मागच्या दोन गिटारवाल्यांकडे. याला म्हणतात ‘ला पोंप’, म्हणजे पंप. उजवं मनगट सैल सोडून तारांवर आघात करायचा आणि लगेच डाव्या हाताच्या बोटांचा दाब काढायचा, सूर तिथल्या तिथे बंद. आपल्याकडे तबल्यावर बंद बोल असतात नं, तसंच. जोर मात्र दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर, त्यामुळे समेची सवय असलेली माझी मान दरवेळी त्यांच्या आधीच पडायची. लोक व्हायोलिनच्या तानांवर टाळ्या वाजवत होते, वाजवायलाच हव्यात, पण दीड तास ती लय एक केसभर हलू न देणारे ते दोघं माझ्या डोळ्यांसमोरून जात नाहीत.

ही मांडणी १९३४ सालची, पॅरिसमधल्या गिटारवाल्या जँगो राइनहार्ट आणि व्हायोलिनवाल्या स्तेफान ग्रापेलीच्या पंचकाची. १९२८ मध्ये जँगो १८ वर्षांचा असताना त्याच्या राहत्या गाडीला आग लागली, डाव्या हाताची अनामिका आणि करंगळी जायबंदी झाली, आणि पुढे सगळे सोलो तो मुख्यतः उरलेल्या दोन बोटांवर वाजवत राहिला. हे आधी वाचलेलं होतं, पण समोरचा सोलोवाला चारही बोटं वापरून घामाघूम झालेला बघताना त्याचा खरा अर्थ कळला.

जँगो मानूश समाजाचा, म्हणजे जिप्सी उर्फ रोमा लोकांपैकीच. मानूश म्हणजे माणूस, शब्द आपलाच! या रोमा लोकांचे पूर्वज हजारेक वर्षांपूर्वी भारतातूनच तिकडे गेले, पाण्याला ते अजून पानीच म्हणतात.

परतीच्या विरार लोकलमध्ये गुडघ्यावर बोटं चालू होती, दोन आणि चार, दोन आणि चार. अंधेरीपर्यंत चुकत होतं, बोरिवलीला जमलं.