आधी उतार

डोंगर चढून गेलेल्याचं कौतुक होतं. उतरून नाल्यापर्यंत गेलेल्याला कुणी विचारत नाही. मला मात्र उतरायलाच आवडतं. दम लागायचा तो परतताना लागेल, तेव्हाचं तेव्हा.

परवा दुपारी जळगाव जिल्ह्यातल्या पाल गावाच्या पुढे रस्त्यालगत गाडी लावली आणि सागाच्या रानातली पायवाट धरली. यावल अभयारण्य इथे लागूनच, १९६९ सालचं. बिबट्या आहे, अस्वल आहे. पण मार्चमध्ये सागाच्या वाळक्या पानांवरून गुपचूप चालता येत नाही. पापड मोडल्यासारखा एकेका पावलाचा आवाज. अर्ध्या रानाला माझी वर्दी गेली असेल.

वळणावर शेळ्यांमागे एक म्हातारबाबा भेटले. "काय भो, कुठी चालले?"

"नाल्यावर."

"काय काम?"

काम काहीच नव्हतं, आणि तसं सांगायची लाज वाटली. "पाणी बघायचं," म्हटलं. त्यांनी मान डोलावली.

खाली गोट्यांमधून पाण्याची एक ओळ चालली होती, बाकी वाळू. वाळू दिसली की मला मामा आठवतो. असल्याच नाल्यात तो हातभर झिरा उकरायचा. पहिलं पाणी गढूळ, उपसून टाकायचं. दुसरंही. मग नुसतं बसायचं. मी हात घातला की कड ढासळायची आणि मामा डोळे वटारायचा. हळूहळू तळाशी वाळूचे कण नाचू लागायचे, पाणी नितळायचं. पळसाच्या पानाच्या द्रोणात ते थंडगार पाणी! बाटलीतल्या पाण्याला मी अजून नाकं मुरडतो, ते त्या लाडापायी.

सातपुड्यातून उतरलेले असे नाले पायथ्याच्या गोट्या-वाळूच्या पट्ट्यात मुरतात. बजाडा म्हणतात त्याला. रावेर-यावलच्या विहिरी त्याच पाण्यावर भरायच्या आणि केळी पोसायची. आता बोअर त्या पाण्याच्या मागे खाली खाली चाललेत. मामाच्या विहिरीत तर कबुतरं राहतात.

चढताना अपेक्षेप्रमाणे फासळ्या दुखल्या. बाबा वाटेतच बसून होते.

"बघितलं का? आमच्या वावरात येता? किती फुटावर लागीन?"

हातात नारळ नाही, काही नाही, तरी त्यांनी मला भुईतलं पाणी सांगणारा पाणाड्या समजलं होतं. हसू अगदी ओठावर आलं होतं. तेवढ्यात ते म्हणाले, "दोन बोअर कोरडे गेले. तिसऱ्याले पोरगा कर्ज काढू राह्यला."